साठावा हिस्सा

रांगेत दोनशे बारा माणसं होती. मी दोनदा मोजली. पहिल्यांदा दोनशे तेरा आली, कारण एक गृहस्थ बाटली भरून झाल्यावर पुन्हा शेवटी जाऊन उभे राहिले होते. दोनशे बारांपैकी एकशे एकेचाळीस बायका. सतरा काठ्या, दोन चाकांच्या खुर्च्या, कडेवर नऊ मुलं, ती मी माणसांत धरलेली नाहीत. आणि रांगेत चौतिसावी माझी आत्या, डाव्या पायाच्या अंगठ्यावर एकोणीस मिलिमीटरची जखम घेऊन. ती मी आदल्या रविवारी पट्टीने मोजली होती. त्याच्या आदल्या रविवारी अकरा होती.

जागा म्हणजे बंद पडलेला बर्फाचा कारखाना. हॉलच्या मधोमध कमरेइतका उंच, फरशी लावलेला ओटा. ओट्यावर काळ्या दगडाचं कुंड. कुंडाच्या तळातून पाणी बुडबुडत वर यायचं, एका दगडी चोचीतून खाली पन्हळीत पडायचं, ओट्याला वळसा घालून पायऱ्यांपाशी यायचं आणि तिथल्या लोखंडी जाळीतून दिसेनासं व्हायचं. चोचीखाली बाटली भरायची आणि ते प्यायचं. पायऱ्यांवर बसून पाय धुवायचे. एवढाच उपचार. मधुमेह, कंबर, मूल न होणं, मुलाचं अभ्यासात लक्ष नसणं, सगळ्याला एकच.

शेजारच्या खुर्चीवर तो माणूस माईक घेऊन बसलेला असायचा. वस्तीत त्याला घोटबाबा म्हणत, कारण तो प्रत्येकाला आधी एक घोट घ्यायला लावायचा.

"पाणी येतं कुठून? सांगा! नळ आहे का? नाही! विहीर आहे का? नाही! पृथ्वीच्या पोटातून येतं, तुमची पीडा घेतं आणि पृथ्वीच्या पोटात परत जातं! शास्त्रज्ञ आले, त्यांनी मीटर लावले, मीटरच बंद पडले! याला तळ नाही. अहो, तळ असता तर मी सांगितला नसता का?"

शेवटचं वाक्य मी वहीत उतरवून घेतलं. त्यात काही अर्थ नाही, पण ऐकताना तसं वाटत नाही. टाळ्या त्याच वाक्याला पडत.

आमची वस्ती कापड रंगवण्याच्या कारखान्याभोवती वाढली आहे. वस्तीतून वाहणारा नाला निळा दिसला की कारखान्यात निळा माल चालू आहे, लाल दिसला की लाल. त्यामुळे आमच्याकडे लहान पोरालाही एक गोष्ट पक्की ठाऊक असते: रंग दिसतो ते पाणी वाईट आणि रंग दिसत नाही ते चांगलं. जंतूला रंग नसतो, हे कुणी मनावर घेत नाही. घोटबाबाचं पाणी काचेसारखं नितळ होतं. दुसरा पुरावा कुणी मागितला नाही.

एक पुरावा तर आपणहून समोर येत होता. वीज गेली की झरा थांबायचा. मी स्वतः तीनदा पाहिलं. तिसऱ्या वेळी शेजारच्या बाईंना म्हटलं, "काकू, बघा. लाइट गेली आणि पाणी थांबलं."

त्यांनी हात जोडले. "बघ ना बाई. झरा निजला की दिवेसुद्धा त्याचा मान राखतात."

मी घरी आले.

*

आत्याने एकतीस वर्षं प्राथमिक शाळेत गणित शिकवलं. मीही तिच्याच वर्गात होते. अपूर्णांकाच्या पहिल्या दिवशी ती कागदाची एक पट्टी फाडून आणायची, दोन बोटांत धरून उभी राहायची आणि म्हणायची, "हा तिसरा हिस्सा आहे. बाकीचा मी घरी ठेवलाय. अख्खी पट्टी केवढी होती?" आम्ही तिच्या पिशवीकडे बघायचो. ती म्हणायची, "पिशवीत काय बघता? हातात आहे तेवढं पुरे." आज मी कारखान्याच्या लॅबमध्ये बसून कापडाच्या रंगाच्या छटा, आमच्या भाषेत शेड, जुळवते. त्यात कामाला येणारं अर्धं गणित त्या पट्टीचंच आहे.

अशी बाई एकोणीस दिवस इन्सुलिन न घेता राहिली होती.

"आत्या, डॉक्टर काय म्हणाले ते मी पुन्हा सांगू?"

"नको. अंगठा काळा पडला तर कापावा लागेल. पाठ आहे मला."

"मग?"

ती स्वयंपाकघरात टेबलाशी बसली होती, पाय समोरच्या स्टुलावर. "अकरा वर्षं. दिवसाला दोन सुया. आठ हजार तीस झाल्या, लीप वर्षांचे दिवस सोडून. कंटाळा आला गं. पोटावर टोचायला जागा उरली नाही. तिथे कुणी टोचत नाही. पाय पाण्यात सोडून बसायचं, बस्स. बरं वाटतं."

"बरं वाटणं आणि बरं होणं यात फरक आहे, हे तूच—"

"शहाणे, मला माझंच ऐकवू नकोस."

मी पंधरा दिवस वाद घातला होता. साखर मोजून दाखवली: तीनशे बेचाळीस. ती म्हणाली, यंत्र जुनं झालंय. नवं आणलं: तीनशे छत्तीस. म्हणाली, बघ, सहाने उतरली. मीही थकले होते. थकलेल्या दोन बायका एका टेबलाशी बसल्या की वाद होत नाही, नुसता चहा होतो. तो तिसरा कप असेल, तेव्हा मला पन्हळ आठवली.

"आत्या, जाळीतून गेलेलं पाणी परत येत नाही ना?"

"नाही. पृथ्वीच्या पोटात जातं."

"मग मी जाळीत रंग टाकला, तर तो वर कुंडात कधीच दिसणार नाही."

तिने कप खाली ठेवला. एकतीस वर्षांची सवय अशी सुटत नाही. "कसला रंग?"

"केकमध्ये घालतात तो गुलाबी. खायचाच असतो. दुपारी बारा ते चार हॉल बंद असतो, कुणी पाणी भरत नाही, पण झरा चालूच असतो. बाराच्या आत टाकायचा, चारला उघडल्या उघडल्या कुंडातलं पाणी घ्यायचं. चोचीतून दोन लिटरची बाटली बारा सेकंदांत भरते, मी मोजलंय. म्हणजे मिनिटाला दहा लिटर. चार तासांत चोवीसशे लिटर पाणी खाली जाणार. ते खरंच जमिनीत जात असेल तर आपला रंगही जाईल. वर थेंब दिसणार नाही. आणि तसं झालं तर मी पुन्हा तोंड उघडणार नाही."

"आणि दिसला तर?"

"त्या संध्याकाळी इंजेक्शन."

आत्याने ड्रॉवरमधून जुनी वही काढली. "अट आधी लिहायची. निकाल लागल्यावर अटी आठवतात माणसाला." मी लिहू लागले, तर तिने हात धरला. "'रंग दिसला तर' असं मोघम नको. तुला हवा असला तर तुला दिसेल, मला नको असला तर मला दिसणार नाही. किती ते लिही. आणि बघणारा तिसरा पाहिजे." मी लिहिलं: मोजून तयार केलेल्या रंगाच्या नमुन्यांपैकी एकाशी जुळला, तरच दिसला.

तिसरा म्हणजे कारखान्याचे रंगमास्तर. छत्तीस वर्षं कापडाच्या शेड नजरेने ओळखणारा माणूस. यंत्राचं आणि त्यांचं जुळलं नाही तर आमच्याकडे यंत्र तपासतात. त्यांच्या दोन्ही मुली आत्याच्या विद्यार्थिनी. आणि कंबरेसाठी ते रोज घोटबाबाकडे दोन बाटल्या भरायचे, त्यामुळे ते माझ्या बाजूचे आहेत असं कुणाला म्हणता येत नव्हतं.

"माझ्या कंबरेला उतार आहे," त्यांनी मला बजावलं. "पण डोळा खोटं बोलणार नाही. तेवढं सांगून ठेवतो."

*

लॅबच्या तराजूवर मी रंगाच्या दोन सारख्या पुड्या केल्या, एकेक ग्रॅमच्या. एक जाळीत टाकण्यासाठी. दुसरी सहाशे मिलिलिटर पाण्यात विरघळवली. त्यातलं दहा मिलिलिटर घेतलं की पुडीचा साठावा हिस्सा हातात येतो. तो बारा लिटरच्या बादलीत टाकला, ढवळला आणि त्या पाण्याने लॅबमधली काचेची एक नळी भरली. तशाच आणखी तीन नळ्या, दर वेळी बादली बारा लिटरचीच: एकीत चाळिसावा हिस्सा, एकीत ऐंशीवा, एकीत एकशे विसावा. पाचवी साध्या पाण्याची. या नळ्या हातभर लांब असतात. पांढऱ्या कागदावर उभ्या करून वरून आत बघितलं की पेल्यात न दिसणारा रंगही दिसतो. हिस्से मी चिठ्ठ्यांवर लिहून, घडी करून नळ्यांच्या मागे चिकटवले. वर फक्त एक ते पाच आकडे, तेही उलटसुलट.

दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेबाराला आत्या पायऱ्यांवर बसली. अंगठ्यावरची पट्टी सोडवून तिने बाजूला ठेवली, ती पाण्याबरोबर जाळीत वाहून गेली. मग पदराआडून पुडी काढली. क्षणभर थांबली. मला वाटलं, नाही टाकणार. तिने जाळीच्या अगदी तोंडाशी पुडी उलटी केली. गुलाबी रेघ एकदा वळली आणि खाली गेली. सेवेकरी शटर ओढायच्या घाईत होता.

चार वाजता आम्ही रांगेत पहिले होतो. मी चोचीखाली सहावी नळी भरली आणि नंबर देण्याच्या टेबलावर कागद अंथरून सहाही उभ्या केल्या.

"ओ ताई, हे काय मांडलंय?" सेवेकरी धावला.

"मांडू दे, मांडू दे!" माईकवरून आवाज आला. "शास्त्रज्ञ मंडळी आलीत! आपला झरा कुणाला घाबरत नाही!"

रंगमास्तरांनी चष्मा काढला. बारीक शेड ते चष्म्याशिवाय बघतात. सहाव्या नळीत बघितलं, मग एकेकीत, मग पुन्हा सहावीत. मागची रांग कुजबुजायची थांबली. या वस्तीत रंगमास्तर शेड बघत असताना बोलत नाहीत, ती कारखान्याची शिस्त आहे.

"साधं पाणी नाही हे," ते म्हणाले. आवाज उतरला होता. मग आणखी एकदा वाकले. "चार नंबर. तंतोतंत चार."

मी चार नंबरची नळी उचलून मागची चिठ्ठी उघडून त्यांना वाचायला दिली. साठावा हिस्सा.

"गुलाबी!" माईक कडाडला. "ऐकलंत? झऱ्याने रंग धारण केला! प्रेमाचा रंग! बाई, तुमच्या भक्तीने आज साक्षात—"

टाळ्या सुरू झाल्या. बघता बघता एक बाई हुंदके देऊ लागली. मी मोजणं सोडून दिलं. पाच नळ्या, दोन पुड्या, पंधरा दिवसांचा वाद, आणि या माणसाला त्यातून आणखी एक चमत्कार मिळाला होता, तोही फुकट. मी खाली बसले.

आत्या मात्र उठली. लंगडत फळ्यापाशी गेली. त्यावर 'आजचा नंबर' लिहिलेला होता. तो तिने हाताने पुसला.

"शांत बसा."

तिला माईक लागला नाही. त्या हॉलमधली निम्मी माणसं तिच्या हाताखालून गेलेली. ज्यांना बसता येत होतं ती बसली.

"बारा लिटर पाण्यात एका पुडीचा साठावा हिस्सा रंग आहे. रंग सगळीकडे सारखा मिसळलाय. तर अख्खी पुडी किती पाण्यात मिसळली?"

मग मागून, टक्कल पडलेल्या एका माणसाने हात वर केला. "बारा साठे सातशेवीस. सातशेवीस लिटर, बाई."

"तू? दोन वर्षं एकाच वर्गात बसलास तरी आलं नव्हतं तुला."

"आता आलं, बाई."

हशा पिकला. आत्या हसली नाही. तिने फळ्यावर ७२० लिहून खाली रेघ मारली. "याला तळ नाही असं रोज ऐकतो आपण. बिनतळाच्या झऱ्यात सातशेवीस लिटर पाणी आहे. छपरावरच्या पाचशे लिटरच्या दीड टाकीएवढं. आता दुसरा प्रश्न. हा सोपा आहे. पुडी मी कुठे टाकली?"

"कुंडात," दोघं-तिघं म्हणाले.

"नाही." तिने हात पायऱ्यांकडे केला. "तिथे. पाय धुतो त्या जाळीत."

कडेवर मूल असलेली एक मुलगी हातातल्या दुधाच्या बाटलीकडे बघत होती. तिने ती चोचीखालीच भरली होती. "म्हणजे बाई, आम्ही जे पितो ते…"

"हो," आत्या म्हणाली. "माझ्या पायाचंसुद्धा."

"बाई, श्रद्धेला गणित लावायचं नसतं!" घोटबाबा उठला होता.

"गणित तुम्ही बांधलंत. मी फक्त सोडवलं."

पुढचं काम रंगमास्तरांनी केलं. ओट्याच्या मागच्या अंगाला पडदा होता, पडद्यामागे पत्र्याचं झाकण, झाकणाला चार स्क्रू. छत्तीस वर्षं पंप आणि हौदांमध्ये वावरलेल्या माणसाला यापेक्षा जास्त सांगावं लागत नाही. सेवेकरी आडवा आला, तर ते फक्त म्हणाले, "बाजूला हो. माझी कंबर अजून दुखतेय आणि ती का दुखतेय ते आज मला कळलंय." आत एक मोटर गुरगुरत होती. तिचा आवाज लपावा म्हणून हॉलमधला मोठा पंखा अष्टौप्रहर चालू असायचा. मोटरीतून एक पाईप वर कुंडात, जाळीतून एक पाईप खाली हौदात. वीज आली की झरा जागा, वीज गेली की झरा निजलेला.

मी टेपने हौद मोजला. लांबी सव्वाशे सेंटिमीटर, रुंदी नव्वद, पाण्याची खोली साठ. सहाशे पंचाहत्तर लिटर.

"आणि कुंडात?" आत्याने फळ्याजवळून विचारलं.

"चाळीस."

"सातशेपंधरा. पाच कमी."

"पाईपमध्ये असेल. नाहीतर मास्तरांच्या डोळ्यात."

"चालेल," ती म्हणाली.

हौदाच्या तळाशी बोटभर गाळ होता, केस होते आणि जखमेवर लावायच्या तेवीस पट्ट्या. सगळ्यात वरची अजून भिजून फुगली नव्हती. आत्याने ती पाहिली आणि नजर वळवली.

*

घरी येताना ती निम्म्या वाटेत एका दुकानाच्या पायरीवर बसली.

"वीज गेली की झरा थांबतो, हे मलाही दिसत होतं गं."

"मग?"

"मी ते धरलं नाही. धरलं असतं तर त्याच दिवशी सुई घ्यावी लागली असती." मग म्हणाली, "तुम्हाला वाटतं लोक मूर्ख असतात. नसतात. दमलेले असतात."

मला ते वाटत होतंच. मी तिला हात देऊन उठवलं. घरी पोचल्यावर तिने वही काढली, अटीखाली तारीख घातली आणि फ्रिजमधून इन्सुलिन घेतलं. सुई टोचताना तोंड वाकडं केलं. आठ हजार एकतिसावी.

दुसऱ्या दिवशी सकाळी बंद शटरसमोर एकतीस माणसं बाटल्या घेऊन उभी होती. त्यांना सगळं ठाऊक होतं. एक जण म्हणाला, पंप असला म्हणून काय झालं, पाणी तर तेच ना. हो, तेच पाणी. अडचण तीच आहे. घोटबाबा पहाटेच निघून गेला होता. असा ओटा बांधायला किती दिवस लागतात, हे मी एका गवंड्याला विचारलं. तो म्हणाला, तीन. तेव्हा तो आता कुठे असेल याचा मी फारसा विचार करत नाही.

तुमच्याकडे आला तर एवढं करा. त्याच्याशी वाद घालू नका, तो तुमच्यापेक्षा चांगलं बोलतो. पाणी कुठून येतं हे विचारू नका. कुठे जातं ते बघा. त्याने लपवलेलं अख्खं तुमच्यापुढे कधीच येणार नाही, पण एखादा हिस्सा दिसतोच, आणि हिस्सा नीट मोजला तर बाकीचं काढता येतं. ते आपण सगळे शाळेत शिकलो आहोत. आणि घरात कुणी औषध बंद केलं असेल, तर त्याला अडाणी म्हणण्याआधी विचारा, किती दमलास? मग त्याच्या शेजारी बसा आणि दोघं मिळून मोजा.

आत्या दर रविवारी पाय स्टुलावर ठेवते आणि मोजपट्टी माझ्या हातात देते. आकडा वहीत तीच लिहिते, त्या अटीच्या खाली.

तिसरा रविवार. सकाळी सात. उपाशीपोटी साखर एकशे सदुसष्ट. जखमेची लांबी बारा मिलिमीटर.